रणगाड्यांची वाट आणि ओढ्याचा काठ



लष्कराचा आणि ओढ्याचा संबंध काय, असे कोणालाही वाटेल. आम्हांलाही तसेच वाटत होते. परंतु अमेरिकेतील जॉर्जिया राज्यातल्या फोर्ट बेनिंग या लष्करी तळावरील ओढ्यांचे संशोधन वाचनात आले आणि आमचा समज बदलला.

१९१८ साली स्थापन झालेला हा तळ चॅटाहूची नदीकाठी सुमारे १ लाख ८० हजार एकरांवर पसरला आहे. रणगाड्यांचा सराव प्रामुख्याने वरच्या उंच भागावर चालतो. मग खालचा ओढा बिघडतो कसा? तेथील जमीन वाळूसर आहे. रणगाड्यांच्या पट्ट्यांखाली गवत मरते, घळी पडतात आणि प्रत्येक मोठ्या पावसाबरोबर वाळू खाली उतरते.

विद्यार्थी मित्रहो, ओढा साफ करायला गेल्यावर आपण पहिल्यांदा काय करतो? पाण्यात पडलेले लाकूड उचलून बाहेर टाकतो! वाळूच्या ओढ्यात मात्र ते लाकूड हाच आधार असतो. त्याला पालापाचोळा अडतो, पाल्यावर बुरशी वाढते, त्यावर कीटकांच्या अळ्या आणि अळ्यांवर मासे जगतात. वाळूने लाकूड गाडले की पाला वाहून जातो आणि या साऱ्यांचे अन्न तुटते. पाणलोटात उघडी जमीन आणि कच्चे रस्ते जितके जास्त, तितके ओढ्यात लाकूड कमी, असे अभ्यासकांना आढळले.

म्हणून २००३ साली काही ओढ्यांत मुद्दाम ओंडके टाकण्यात आले. पाण्याची गती मंदावली. पाण्यातील अमोनियम शोषून घेण्याची ओढ्याची शक्ती वाढली. उपाय साधाच, पण आमच्या मते हे अर्धेच काम. वरची घळ बुजवली नाही, उताराला गवत धरले नाही, तर नवा ओंडकाही जुन्याच्या वाटेने वाळूत जाणार.

सारा दोष लष्करावर टाकणेही बरोबर नाही. मूळची ही भूमी मस्कोगी लोकांची. त्यांना एकोणिसाव्या शतकात हुसकावण्यात आले. मग कापसाची शेती आली, तिने माती उघडी पाडली. अभ्यासकांनी १९४४ सालचा जमीनवापर तपासला, तेव्हा त्या काळच्या हानीच्या खुणा अर्ध्या शतकानंतरच्या ओढ्यांतही सापडल्या. आणि २०११ साली फोर्ट नॉक्स येथील रणगाडा-प्रशिक्षण शाळा याच तळावर हलविण्यात आली.