विमान बांधावे की उडवावे?
(चामराजपेट येथील सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील भाषण)



व्याख्यानासाठी आम्ही निवडलेला विषय पाहून आपणांपैकी काहींना नवल वाटले असेल. स्वतः विमान बांधण्यात अधिक सार्थक आहे की ते उडविण्यात, हा प्रश्न मराठी मंडळाच्या व्यासपीठावर कशासाठी? परंतु ज्या नगरीत आपण पोटापाण्यासाठी आलो आणि स्थिरावलो, ती बंगळूर नगरी विमाने बांधणारी आहे. चामराजपेटेच्या १८९२ साली आखलेल्या सरळ रस्त्यांवरून आपली मुले शाळेत जातात, आणि त्याच शहराच्या पूर्व टोकाला १९४० पासून विमानांचे कारखाने उभे राहिले. तेव्हा हा प्रश्न परका नाही. तो आपल्या उंबरठ्यावरचाच आहे.

प्रथम उड्डाणाची बाजू मांडणे न्याय्य होईल. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटांनी कराचीहून टपालाच्या थैल्या घेऊन लहानसे 'पस मॉथ' विमान मुंबईस आणले. त्या एका प्रवासातून या देशातील हवाई वाहतुकीचा पाया घातला गेला. विमान त्यांनी बांधलेले नव्हते, ते इंग्लंडातून आलेले होते. म्हणून त्यांच्या कर्तृत्वाला काही उणेपणा येतो काय? मुळीच नाही. वैमानिकाचे ज्ञान वाऱ्याचे, ढगांचे, क्षणार्धात घ्यावयाच्या निर्णयाचे असते. ते ज्ञान कोणत्याही कार्यशाळेत मिळत नाही.

आता दुसरी बाजू. मुंबईत कांदिवलीच्या चारकोप भागात कॅप्टन अमोल यादव या मराठी वैमानिकाने आपल्या राहत्या इमारतीच्या गच्चीवर सहा आसनांचे विमान बांधले. हे गृहस्थ विमान कंपनीत नोकरीस होते; उडविण्याचे सुख त्यांना रोजच मिळत होते. तरीही ते विमान बांधावयास बसले. आधीचे दोन प्रयत्न तडीस गेले नव्हते. गच्चीवरचे हे तिसरे. २०१६ च्या फेब्रुवारीत ते मुंबईच्या 'मेक इन इंडिया' प्रदर्शनात मांडण्यासाठी त्याचे भाग सुटे करून क्रेनने खाली उतरवावे लागले. २०१७ मध्ये त्याची नोंदणी झाली, २०१९ मध्ये उड्डाणाची परवानगी मिळाली आणि २०२० मध्ये धुळ्याच्या धावपट्टीवर त्याची चाचणी झाली. पहिल्या प्रयत्नापासून मोजले तर दोन दशकांची ही तपश्चर्या होय. ज्याला आकाश आधीच उपलब्ध होते, त्याने गच्चीवरच्या उन्हात पत्रा का कापावा? आमच्या मते आपल्या विषयाचे सर्व मर्म या एका प्रश्नात आहे.

बांधणाऱ्याला असे काय मिळते, जे उडविणाऱ्याला मिळत नाही? एक साधे उदाहरण घेऊ. प्रत्येक विमानाला गुरुत्वमध्य असतो; सर्व वजन जणू त्या एका बिंदूत एकवटलेले असते. हा बिंदू ठराविक मर्यादेच्या मागे सरकला की नाक वर उचलले जाऊ लागते, आणि शेपटीच्या पंखांना ते खाली आणणे कठीण होते. वैमानिक हा नियम पुस्तकात वाचतो आणि सामान ठेवताना पाळतो. बांधणारा मात्र तो हातांनी शिकतो. एखादी बैठक चार बोटे मागे घेतली, शेपटीत एक जाड पट्टी अधिक ठोकली, की सारा हिशेब पुन्हा मांडावा लागतो. आवडलेल्या कल्पनेला केवळ वजनापायी नकार देण्याचा संयम त्याला अंगी बाणवावा लागतो. वस्तू वापरणाऱ्याला तिचे गुण कळतात. बांधणाऱ्याला तिच्या मर्यादा कळतात, आणि त्यांबरोबर स्वतःच्याही.

अमेरिकेत हौसेने विमान बांधणाऱ्यांसाठी जो नियम आहे, तो या दृष्टीने मोठा बोधप्रद आहे. विमानाच्या बांधणीतील निम्म्याहून अधिक काम हौशी माणसाने स्वतः केलेले असावे, आणि तेही स्वतःच्या शिक्षणासाठी वा विरंगुळ्यासाठी, असे तो नियम सांगतो. विमान बांधणे हे शिक्षण आहे, ही गोष्ट तेथे कायद्यानेच मान्य केली आहे.

परंतु श्रोतेहो, बांधणीची स्तुती करताना एका धोक्याकडे डोळेझाक करून चालणार नाही. बांधणारा आपल्या निर्मितीच्या प्रेमात पडतो, आणि प्रेम हे काही उत्तम परीक्षक नव्हे. १९३४ च्या सुमारास फ्रान्समधील आंरी मिन्ये यांनी सामान्य माणसाने घरी बांधावे असे चिमुकले विमान रचले. युरोपात शेकडो लोक सुतारकामाची हत्यारे घेऊन कामास लागले. पुढे प्राणघातक अपघात होऊ लागले. तेव्हा ते विमान वातविवरात, म्हणजे कृत्रिम वाऱ्याच्या बोगद्यात, ठेवून तपासण्यात आले. पुढच्या-मागच्या दोन पंखांमधील हवेचा परस्परपरिणाम असा होता की विमान एका मर्यादेपलीकडे खाली झुकले तर ते सावरताच येत नसे. बांधणाऱ्यांच्या निष्ठेत काही उणे नव्हते. उणीव रचनेत होती, आणि तिचा निवाडा वाऱ्याने केला.

आपल्याही घरात असा एक हळवा विषय आहे. मुंबईचे शिवकर बापूजी तळपदे यांनी १८९५ साली चौपाटीवर विमान उडविले, ही कथा आपण सर्वांनी अभिमानाने ऐकली आहे. तळपदे यांची जिज्ञासा आणि धडपड खरी होती, याविषयी शंका नको. पण त्या उड्डाणाचा विश्वसनीय समकालीन पुरावा नाही. या कथेचा एक धागा आपल्या शेजारी, आनेकल गावापर्यंत येतो. तेथील पंडित सुब्बराय शास्त्री यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी 'वैमानिक शास्त्र' सांगितले, आणि त्यातील विमानांची रेखाचित्रेही काढविली गेली. बंगळूरकर जिला टाटा इन्स्टिट्यूट म्हणून ओळखतात, त्या भारतीय विज्ञान संस्थेतील पाच संशोधकांनी १९७४ मध्ये या ग्रंथाची चिकित्सा केली. ग्रंथ प्राचीन नाही आणि त्यातील विमाने उडू शकणारी नाहीत, असा त्यांचा निष्कर्ष होता. हे ऐकून मन खट्टू होते, हे आम्ही जाणतो. पण ज्याला वाऱ्यापुढे उभे केले नाही, त्या विमानाचा अभिमान किती काळ बाळगायचा?

आणि अभिमानच बाळगावयाचा, तर त्यासाठी याच शहरात एक भक्कम नाव आहे: डॉ. विष्णू माधव घाटगे. १९०८ साली कोल्हापूरकडील हसूर गावी जन्मलेला हा मराठी तरुण जर्मनीत गटिंगेन येथे लुडविग प्रांट्ल या वायुगतिशास्त्राच्या आचार्यांपाशी शिकला. वालचंद हिराचंद यांनी १९४० मध्ये म्हैसूर संस्थानच्या साहाय्याने बंगळुरात विमानांचा कारखाना काढला, तेव्हा घाटगे तेथे रुजू झाले. त्यांच्या नेतृत्वाखाली आखलेले 'एच. टी.-२' हे दोन आसनांचे शिकाऊ विमान ऑगस्ट १९५१ मध्ये प्रथम उडाले. स्वतंत्र भारताने स्वतः रचलेले हे पहिले शक्तिचलित विमान. पुढे अशी १७० हून अधिक विमाने तयार झाली, आणि काही घाना देशासही गेली. 'पुष्पक', 'कृषक', जेट शिकाऊ 'किरण' ही त्यांच्याच परंपरेतील अपत्ये.

त्या पहिल्या दिवशी घाटगे स्वतः सुकाणूशी नव्हते. उड्डाण चाचणी-वैमानिकाने केले. आता सांगा, त्या दिवसाचे सुख कोणाचे? वैमानिकाचे सुख विमान उतरले तेव्हा पूर्ण झाले. घाटगे यांचे सुख तेव्हा सुरू झाले. कारण त्यानंतर अनेक वर्षे या देशातील तरुणांच्या पिढ्या त्या विमानात पहिले धडे गिरवीत राहिल्या. उडविणाऱ्याचे कौशल्य बहुतांशी त्याच्याबरोबर जाते. बांधणाऱ्याचे मागे उरते आणि अनोळखी माणसांच्या उपयोगी पडते.

तथापि, बांधणाऱ्याच्या मनातील उडण्याची ओढ खोटी ठरवू नये. डॉ. अब्दुल कलाम यांना तरुणपणी वायुदलात वैमानिक व्हावयाचे होते. डेहराडूनच्या निवडीत आठ जागा होत्या आणि ते नववे आले. पुढे याच बंगळुरात त्यांनी 'नंदी' नावाचे, हवेच्या गादीवर तरंगणारे वाहन बांधले, आणि संरक्षणमंत्री कृष्ण मेनन यांना बसवून ते स्वतः चालविले. जून २००६ मध्ये, राष्ट्रपतिपदी असताना, वयाच्या चौऱ्याहत्तराव्या वर्षी त्यांनी पुण्याच्या लोहगाव तळावरून सुखोई विमानातून आकाशात झेप घेतली. आयुष्यभर बांधणाऱ्या माणसालाही आकाश अखेरपर्यंत बोलावीत होते, हेच यातून दिसते.

म्हणून आमचा निर्णय असा. बांधणे अधिक फलदायी आहे. पण उड्डाणाच्या कसोटीस उतरण्याची तयारी असेल तरच. राइट बंधूंनी १७ डिसेंबर १९०३ रोजी पहिल्या झेपेत बारा सेकंदांत १२० फूट अंतर कापले. त्या बारा सेकंदांसाठी त्यांनी १९०१ मध्ये स्वतःचे वातविवर बांधून पंखांचे सुमारे दोनशे नमुने तपासले होते. दुसऱ्यांनी छापलेल्या आकड्यांवर विसंबून न राहता त्यांनी स्वतः मोजले. बांधणाऱ्याचा खरा धर्म हाच: प्रेमाने घडवावे आणि निष्ठुरपणे तपासावे.

आपल्यापैकी पुष्कळांची मुले आज सुट्टीत विमानाने पुण्या-मुंबईस जातात. खिडकीपाशी बसण्यासाठी त्यांची भांडणे होतात, आणि ती व्हावीतही. पण घरी परतल्यावर त्यांच्या हाती बाल्सा लाकडाच्या दोन पट्ट्या, थोडा डिंक आणि एक करवत द्यावी, अशी आमची विनंती आहे. ते विमान पहिल्यांदा नाकावर आपटेल. तेव्हा आपण दुरुस्त करून देऊ नये. वजन कोठे अधिक झाले, एवढेच विचारावे. परगावी येऊन ज्यांनी पन्नास वर्षे एक मंडळ उभे ठेवले, त्यांना हे धैर्य निराळे शिकवावे लागणार नाही.