माझ्या शेळीचं काय?



धर्मज्ञान महाविद्यालयाच्या दीक्षान्त समारंभाला निवृत्त न्यायाधीश कशाला, असं मी प्राचार्यांना फोनवर विचारलं. ते म्हणाले, "आमची मुलं चार वर्षं दयेबद्दल ऐकत आली आहेत, आता जाता जाता थोडं न्यायाबद्दल ऐकू देत." मी हो म्हणालो. पण आज सांगणार आहे ती माझ्या दयेचीच गोष्ट. तिचा मला फारसा अभिमान नाही.

नोकरीची सुरुवातीची वर्षं होती. तालुक्याचं कोर्ट, वर पत्रा, उन्हाळ्यात पंखा गरम हवाच खाली ढकलायचा. माझ्यापुढे एकोणीस-वीस वर्षांचा एक मुलगा उभा होता. त्यानं एका म्हातारीची शेळी चोरून आठवडे बाजारात विकली होती आणि पैसे उडवले होते. गुन्हा त्यानं पहिल्याच तारखेला कबूल केला. आधीचा एकही गुन्हा नावावर नव्हता. आई कोर्टाच्या ओट्यावर बसून रडत होती. मी पाळकाचा मुलगा, उधळ्या पुत्राचा दाखला माझ्या अंगात मुरलेला. प्रोबेशनच्या १९५८ च्या कायद्याचं चौथं कलम लावलं, चांगल्या वर्तणुकीचं बंधपत्र घेतलं आणि त्याला सोडून दिलं. वर चार उपदेशाचे शब्दही ऐकवले. स्थानिक पेपरच्या बातमीदारानं दुसऱ्या दिवशी 'न्यायालयाची माणुसकी' असा मथळा दिला. ते कात्रण मी वडिलांना पोस्टानं पाठवलं, हेही कबूल करतो.

निकाल दिला त्या दिवशी कोर्ट उठताना दारात गडबड झाली. पट्टेवाला कुणाला तरी बाहेर काढत होता. ती फिर्यादी म्हातारी होती. दिवसभर ती मागच्या बाकावर बसलेली होती आणि मी तिच्याकडे एकदाही पाहिलं नव्हतं. ती शांतपणे म्हणाली, "साहेब, पोराला सोडलं ते बरं केलं. त्याच्या आईकडं बघवत नव्हतं. पण माझ्या शेळीचं काय?"

संध्याकाळी चेंबरमध्ये मी पुन्हा कायद्याचं पुस्तक उघडलं. चौथ्या कलमाच्या खालीच पाचवं कलम होतं. गुन्हेगाराला असं सोडताना नुकसान झालेल्या माणसाला भरपाई द्यायला लावता येते, असं त्यात स्वच्छ लिहिलेलं होतं. दया आणि भरपाई कायदा करणाऱ्यांनी एकाला एक लावून ठेवली होती. मी चौथं कलम वाचलं आणि पुस्तक मिटलं. आता निकालावर सही झालेली होती. फौजदारी न्यायालयाला सही केलेला निकाल मागाहून बदलता येत नाही, लेखनिकाची चूक असेल तेवढी दुरुस्त करता येते. आणि ही चूक लेखनिकाची नव्हती.

'हलवायाच्या घरावर तुळशीपत्र' ही म्हण आपण ख्रिस्ती मराठी माणसंही सर्रास वापरतो. मी त्या दिवशी नेमकं तेच केलं. उदार मी झालो, नाव माझं झालं आणि शेळी तिची गेली.

तुम्ही इथं हिब्रू शिकलात. नाथान संदेष्टा दावीद राजाकडे जाऊन काय सांगतो, ते तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक आहे. श्रीमंताकडे गुरंमेंढरं भरपूर, गरिबाकडे एकच मेंढी, ती त्याच्याच ताटात जेवायची. श्रीमंतानं तीच घेतली. दावीद रागानं लाल झाला आणि त्यानं चौपट भरपाईचा निकाल देऊन टाकला. तो स्वतःविरुद्ध देतोय हे त्याला माहीत नव्हतं. हे चौपट त्यानं मनानं काढलेलं नाही. चोरलेल्या मेंढरामागे चार मेंढरं, असा निर्गमाच्या पुस्तकातला नियमच होता. आणि यरीहोच्या जक्कयानं आपल्या घरात उभं राहून जो आकडा सांगितला, तोही चौपटच.

जक्कयाच्या बाबतीत एक गोष्ट मला न्यायाधीश म्हणून नेहमी चकित करते. प्रभू येशूनं त्याच्या वह्या तपासल्या नाहीत. आधी त्याच्या घरी मुक्कामाला यायचं ठरवलं. गावकरी कुरकुरले, कारण जकातदाराकडे जेवायचं म्हणजे त्याच्या वसुलीवर शिक्का मारायचा. पण दया दारातून आत आली आणि त्याच्या वह्या आपोआप उघडल्या. ज्यांना लुबाडलं होतं त्यांच्या घरी पैसे परत जाणार, हे त्यानं कुणी न विचारता सांगितलं. यरीहोत त्या आठवड्यात कितीतरी घरांत पैसे परत गेले असतील. त्या घरांबद्दल आपण प्रवचन करत नाही. माझ्या कोर्टातल्या मागच्या बाकासारखीच ती आपल्या नजरेबाहेर राहतात.

तुमच्यापैकी बहुतेक जण पाळक होतील. पहिल्या वर्षभरातच तुमच्या पंचकमिटीपुढे एक तंटा येईल. नवरा बायकोला मारतो. रविवारी तोच गायनमंडळीत उभा असतो. तिला बोलावून घेतील, पाणी देतील, आणि सत्तर गुणिले सातचा हिशोब ऐकवतील. ती मान हलवून घरी जाईल आणि मिनिटबुकात 'समेट झाला' अशी नोंद पडेल. तुमचं तरुण वय पाहून वडीलधारी मंडळी म्हणतील, "पाळकसाहेब, मंडळीची अब्रू आहे." अशा वेळी मला त्या म्हातारीचा आवाज ऐकू येतो. ही क्षमा नक्की कुणी केली? आणि तिचं बिल कुणाच्या नावावर फाडलं?

क्षमेचा धडा ज्यावरून आपण त्या बाईला शिकवतो, त्या मत्तयाच्या अठराव्या अध्यायातच याचं उत्तर आहे. राजानं चाकराचं दहा हजार तलांतांचं कर्ज माफ केलं. एक तलांत म्हणजे साधारण सहा हजार दिनार, आणि एक दिनार म्हणजे मजुराची एका दिवसाची मजुरी. म्हणजे सहा कोटी दिवसांची मजुरी राजानं सोडून दिली. हा आकडा मी एकदा रात्री कागदावर मांडला आणि पेन खाली ठेवलं. पण माझं लक्ष आकड्यापेक्षा दुसऱ्याच गोष्टीकडे गेलं. ते पैसे राजाचे होते. खड्डा त्याच्या तिजोरीला पडला. शेजारच्या कुणाचं कर्ज माफ करून तो दयाळू झाला नाही. वधस्तंभाबद्दल तुम्ही चार वर्षं जाडजाड पुस्तकं वाचलीत. माझ्यासारख्या कायद्याच्या माणसाला त्यातलं एवढंच नीट कळतं, की क्षमा करणाऱ्यानं तिची किंमत दुसऱ्या कुणाकडून वसूल केली नाही.

ग्लॅडिस स्टेन्स यांचं नाव तुम्ही ऐकलेलं असेल, पण तुमच्यातल्या कित्येकांचा जन्म त्या घटनेनंतरचा आहे. त्यांचे पती ग्रॅहम स्टेन्स ओडिशातल्या बारीपदा इथं कुष्ठरुग्णांमध्ये तीसेक वर्षं काम करत होते. जानेवारी १९९९ मध्ये केओंझर जिल्ह्यातल्या मनोहरपूर गावात ते आणि त्यांची दोन मुलं, दहा वर्षांचा फिलिप आणि सहा वर्षांचा टिमोथी, रात्री गाडीत झोपले होते. जमावानं गाडी पेटवून दिली. ग्लॅडिस यांनी मारेकऱ्यांना क्षमा केली. देशानं ते ऐकलं, आणि बऱ्याच जणांना वाटलं की आता खटल्याची हवा गेली. तसं झालं नाही. त्यांनी आपली क्षमा आपल्याजवळ ठेवली आणि कायद्याचं काम कायद्यावर सोडलं. २००३ मध्ये मुख्य आरोपीला फाशीची शिक्षा झाली, २००५ मध्ये उच्च न्यायालयानं तिची जन्मठेप केली, २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ती कायम केली. या शिक्षा कमी-जास्त व्हायला हव्या होत्या का, यावर मी वकिलांशी तासन्‌तास वाद घालू शकतो. पण ग्लॅडिस मुलगी एस्थरला घेऊन ताबडतोब ऑस्ट्रेलियाला निघून गेल्या नाहीत, त्याच बारीपद्यात त्याच कुष्ठाश्रमाचं काम २००४ पर्यंत करत राहिल्या, यावर वाद घालायला मला जागा दिसत नाही. ज्या रुग्णांच्या जखमा ग्रॅहम धुवायचे, त्यांची मलमपट्टी चालू राहिली. क्षमेची किंमत त्यांनी अशी रोज थोडी थोडी चुकती केली. ती क्षमा त्यांचीच होती. त्या खटल्यात मी न्यायाधीश असतो, तरी ती माझ्या खिशातून काढून वाटायचा मला अधिकार नसता.

आता कुणी म्हणेल, हा म्हातारा मंडळीला कोर्ट करायला निघालाय. तसं नाही. जामीनदार मिळाला नाही एवढ्याच कारणानं जेलमध्ये कुजलेली पोरं मी पाहिली आहेत. नियमावर बोट ठेवून माणूस चिरडता येतो, आणि चिरडणारा रात्री शांत झोपू शकतो. पंडिता रमाबाईंनी हे फार आधी ओळखलं होतं. १८८३ मध्ये त्या इंग्लंडला गेल्या. तिथं वाँटेजच्या मठातल्या भगिनींनी त्यांना लंडनमधल्या फुलहॅमचं काम दाखवलं. समाजानं टाकलेल्या बायकांना त्या भगिनी मायेनं जवळ करत होत्या. रमाबाईंना संस्कृत धर्मग्रंथ मुखोद्गत. अशा बायकांना काय शिक्षा सांगितली आहे, हे त्यांना ठाऊक होतं. ही दया कुठून येते, असं त्यांनी विचारलं, आणि विहिरीवरच्या शोमरोनी बाईच्या गोष्टीपाशी त्या येऊन पोहोचल्या. पुढं केडगावला त्यांनी कृपासदन उभं केलं ते या बायकांसाठीच. ज्या पापात दोघं असतात, त्याची शिक्षा एकटीला होत होती. अशा ठिकाणी दया करणं हाच न्याय होता.

पण त्याच रमाबाई १८९७ मध्ये पुण्यात प्लेग आला तेव्हा गप्प बसल्या नाहीत. त्यांच्या आश्रमातली एक मुलगी प्लेगच्या छावणीतून नाहीशी झाली. मुंबईच्या एका ख्रिस्ती इंग्रजी वृत्तपत्राला धाडलेल्या पत्रात त्यांनी छावणीत बायकांचे काय हाल होतात ते उघड लिहिलं. प्रकरण ब्रिटिश पार्लमेंटपर्यंत गेलं. सरकारनं हात झटकले. सरकारही ख्रिस्ती, लिहिणारीही ख्रिस्ती, तरी "आपल्याच माणसांना कशाला अडचणीत आणायचं" हा विचार त्यांना शिवला नाही. पंचकमिटीत बसाल तेव्हा हे पत्र आठवा. याच बाईंनी मूळ हिब्रू आणि ग्रीक शिकून मराठी बायबल केलं. केडगावच्या छापखान्यात त्यांच्या मुक्ती मिशनमधल्या मुलींनी त्याचे खिळे जुळवले, आणि १९२२ मध्ये रमाबाई गेल्यानंतर १९२४ मध्ये ते पुरं छापून निघालं. ग्रीकवरून आठवलं, येशूला लोकांचा कळवळा आला असं आपण वाचतो, तिथल्या ग्रीक शब्दाच्या मुळाशी आतडी आहेत, असं मला तुमच्यातल्याच एका शिक्षकांनी सांगितलं. मराठीला हे कुणी समजावून द्यावं लागत नाही. आपल्याकडे आतडं तुटतं आणि आतड्याचं माणूसही असतं.

शेवटी वडिलांबद्दल बोलतो, कारण ते कात्रण मिळाल्यावर त्यांनी मला उत्तर पाठवलं नव्हतं. पुढच्या सुट्टीत घरी गेलो तेव्हा मी त्यांना शेळीचं सांगितलं. ते म्हणाले, "तुला मिलो आठवते का?"

आठवत होती. १९७२ चा दुष्काळ. मी अकरा वर्षांचा होतो. नगर जिल्ह्यातल्या आमच्या गावात चर्चमार्फत लाल मिलो ज्वारी वाटली जायची. धान्य मोजून देणारा माणूस मंडळीतलाच, वडिलांचा उजवा हात. तो प्रत्येक मापात थोडं थोडं कमी घालत होता, हे बऱ्याच दिवसांनी उघड झालं. तो रात्री आमच्या घरी आला आणि वडिलांच्या पायाशी बसून रडला. माझ्या आईच्याही डोळ्यांत पाणी आलं. वडिलांनी त्याला उठवलं, जेवायला बसवलं, आणि जेवण झाल्यावर वाटपाची वही त्याच्या पुढ्यात ठेवली.

पुढचे दोन आठवडे रोज संध्याकाळी तो, वडील आणि कंदील धरायला मी, असे आम्ही घरोघर गेलो. पोतं त्याच्या खांद्यावर, माप त्याच्या हातात. धान्य त्यानं बायकोची पाटली गहाण टाकून आणलेलं होतं. कुणी शिव्या दिल्या, कुणी काहीच न बोलता टोपलं पुढं केलं. वडील उंबऱ्याबाहेर उभे राहायचे. त्याच्या वतीनं ते एक शब्द बोलले नाहीत.

शेवटचं घर एका विधवेचं होतं, गावाच्या पार टोकाला, आणि ती आमच्या मंडळीतलीही नव्हती. त्यानं मापं घातली. तिनं आत जाऊन आपली स्वतःची पायली आणली, सगळं धान्य जमिनीवर ओतलं आणि पुन्हा मोजलं. मी कंदील धरून उभा, हात भरून आलेला. मोजून झाल्यावर तिनं पायली उपडी ठेवली आणि त्याच्याकडे पाहिलं.

"बस आता," ती म्हणाली. "चहा ठेवते. दूध नाही, कोराच घ्यावा लागंल."