लुंबिनीस जाण्यापूर्वीं

विपश्यनेचें शिबिर १० दिवसांचें म्हणतात. पण प्रवासाच्या हिशेबांत तें १२ दिवस घेतें. आदल्या सायंकाळीं हजर व्हावें लागतें आणि सुटका होते ११ व्या दिवशीं सकाळीं. दहाव्या दिवसाचें परतीचें तिकीट काढणारा मनुष्य श्वासाऐवजीं आगगाडीचेंच ध्यान करीत बसतो!

बुद्धाच्या जन्मभूमींत, नेपाळांतील लुंबिनीस, असें केंद्र आहे. भारतीयांस व्हिसा लागत नाहीं. पासपोर्ट अथवा निवडणूक आयोगाचें ओळखपत्र जवळ असावें. गोरखपूरपर्यंत आगगाडी, तेथून मोटारीनें सुनौलीची सरहद्द, मग भैरहवा व लुंबिनी. घड्याळ १५ मिनिटें पुढें करावयाचें. शिबिरांत जागा मिळाल्याचा होकार येण्यापूर्वीं मात्र तिकिटें काढूं नयेत. शुल्क नाहीं, शिबिर पुरें केल्यावर ऐच्छिक दान.

खरी तयारी घरचीच. मोबाइल आरंभींच जमा होतो. पहाटे ४ वाजतां घंटा, आणि ९ दिवस मौन. घरीं वृद्ध आई असली, तर केंद्राचा दूरध्वनि क्रमांक भिंतीवर मोठ्या अक्षरांत लावावा, आणि कोणत्या प्रसंगीं निरोप धाडावयाचा हें तिच्यासमक्ष ठरवावें. तिची प्रकृति तोळामासा असेल, तर यंदा लुंबिनी राहूं द्यावी. पूर्ण मुदत राहण्याचें वचन आधीं द्यावें लागतें. तें मनांत पळवाट ठेवून देणें बरें नव्हे. सत्यनारायण गोएंका यांनीं १९६९ सालीं भारतांतील आपलें पहिलें शिबिर मुंबईंतच घेतलें, आणि इगतपुरीचें धम्मगिरि तर मुंबईहून आगगाडीनें अवघ्या कांहीं तासांवर आहे.