तुरुंगांतून आलेल्या माणसाचें मत
(मतदार दिवसानिमित्त येडशी येथें दिलेलें व्याख्यान)



दरसाल २५ जानेवारीला शाळामास्तरानें मताचें महत्त्व सांगावें, मुलांनीं घोषणा द्याव्या आणि मंडळींनीं टाळ्या वाजवून घरीं जावें, असा शिरस्ता पडला आहे. आज आम्ही तो मोडणार आहोंत. ज्याच्याकडे गांव बोट दाखवितें, ज्याला सगळे ‘सजा भोगून आलेला’ म्हणतात, त्याच्या मताविषयीं आम्हांला बोलावयाचें आहे. बोलण्याचें कारण आमच्याच हातून घडलेली एक चूक आहे. ती आधीं सांगतों.

मतदारयादीचें काम शाळामास्तरांच्या गळ्यांत असतें. त्या कामगाराला बीएलओ म्हणतात; नांवांत अधिकारी आहे, पायपीट मात्र कोतवालाची. २००९ सालीं आम्ही दुसऱ्या एका गांवीं शाळेवर होतों. यादी घेऊन घरोघर फिरतांना एका दारांत म्हातारी बसली होती. मुलाचें नांव वाचतांच ती म्हणाली, “काढा गुरुजी त्याचं नांव. त्याला जन्मठेप झाली.” बांधाच्या भांडणांत त्याच्या कुऱ्हाडीनें भावकींतला एक माणूस मेला होता. आम्हीं दुसरा प्रश्न केला नाहीं. ‘राहत नाहीं’ असा शेरा मारला, कागद वर पाठविला, आणि यथावकाश त्याचें नांव उडालें. खुनी माणसाला कसलें मत, असेंच आमच्याहि मनांत होतें, हें कबूल केलें पाहिजे.

तो माणूस शिक्षा पुरी करून परत आला. ७ मे २०२४ रोजीं लोकसभेचें मतदान झालें तेव्हां धुतलेलें धोतर नेसून, आधारकार्ड खिशांत घालून तो केंद्रावर गेला. यादींत नांव नव्हतें. लोक पाहत होते, कोणी हंसलेंहि. पुढें आठ दिवसांनीं तो आम्हांला येडशीच्या फांट्यावर भेटला. राग नाहीं, तक्रार नाहीं. एवढेंच म्हणाला, “गुरुजी, मी अजून आतच हाय का?”

बंधूंनो, त्या रात्रीं आम्हांला झोंप आली नाहीं. कायद्याचें पुस्तक मिळवून वाचलें. त्यांत जें सांपडलें तें पन्नासांतल्या एकालाहि ठाऊक नसेल. आम्हांलाहि नव्हतें, आणि आमचा तर तो धंदाच.

आपल्या देशांत खून, दरोडा, कांहींहि गुन्हा केलेला असो, शिक्षा भोगून माणूस तुरुंगाच्या फाटकाबाहेर आला कीं त्याचा मताचा हक्क त्याच क्षणीं त्याच्याजवळ असतो. त्यासाठीं कोणाकडे अर्ज नको, माफी नको, मंत्र्याची सही नको. १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याचें ६२ वें कलम मनाई करतें ती तुरुंगांत किंवा पोलिसांच्या ताब्यांत असलेल्या माणसाला, आणि तीहि तो आंत असेपर्यंत. तो आंत असला तरी तेवढ्याच कारणानें त्याचें नांव यादींतून काढतां येत नाहीं. २०१३ सालीं संसदेनें दुरुस्ती करून हें स्पष्ट लिहिलें आहे. म्हणजे त्या माणसाचें मत कायद्यानें काढलें नव्हतें. तें आमच्या पेन्सिलीनें काढलें होतें.

लोकांचा घोटाळा होतो तो दोन गोष्टी एकत्र केल्यामुळें. उभें राहणें निराळें, मत देणें निराळें. दोन वर्षें किंवा अधिक शिक्षा झालेल्याला सुटकेनंतरहि सहा वर्षें आमदारकी-खासदारकीला उभें राहतां येत नाहीं. हें वर्तमानपत्रांत येतें, आणि चावडीवर बसलेले आपले पंडित त्याचा अर्थ करतात कीं मतहि गेलें. बाहेर आल्यावरसुद्धां मत बंद ठेवणारे गुन्हे आपल्या कायद्यांत आहेत, पण ते कोणते म्हणाल? निवडणुकींतले! मतासाठीं लांच दिल्याची किंवा घेतल्याची, दुसऱ्याच्या नांवानें मत टाकल्याची शिक्षा झाली तर सहा वर्षें मत नाहीं. कुऱ्हाड चालविणारा सुटला त्या दिवशीं मतदार होतो. पांचशेंच्या नोटेला मत विकणारा, कोर्टांत सिद्ध झालें तर, सहा वर्षें होत नाहीं. आम्हांला हा भेद उमजतो. मंडळींपैकीं कोणाची मान खालीं जात असेल तर आम्ही तिकडे पाहत नाहीं.

आतां आंत असलेल्यांकडे वळूं, कारण खरी गोम तेथें आहे. तुरुंगांत कोण बसला आहे? २०२२ अखेरचे सरकारी आंकडे सांगतात कीं देशांतील तुरुंगांत ५,७३,२२० माणसें होतीं, आणि त्यांपैकीं ४,३४,३०२ कच्चे कैदी होते. म्हणजे शंभरांत सुमारें ७६ लोकांवर गुन्हा शाबीतच झालेला नव्हता. त्यांत निम्म्याहून अधिक लोक दलित, आदिवासी व मागासवर्गीय, आणि निम्म्याहून अधिक दहावीहि न झालेले. या सर्वांना मताची मनाई आहे. तोच आरोप असलेला, पण जामिनावर सुटलेला माणूस मात्र मत देतो, सभेंत हार घालून घेतो. दोघांत फरक काय? एकाच्या मागें सातबारा दाखविणारा जामीनदार उभा राहिला, दुसऱ्याच्या मागें कोणी नाहीं. पालांत राहणाऱ्या पारध्याला सातबारा कोठला? १८७१ सालच्या कायद्यानें ज्यांना जन्मतःच गुन्हेगार ठरविलें, त्यांची ती नोंद ३१ ऑगस्ट १९५२ रोजीं पुसली गेली. पण आपल्या भागांत चोरी झाली कीं पहिली झडती कोणाच्या पालाची होते, तें तुम्हांला आम्हीं सांगावयास नको. त्या माणसाचें मत गुन्ह्यामुळें जात नाहीं, जामीनदार नाहीं म्हणून जातें.

आणखी एक नवल ऐका. इंग्रजांच्या १९३५ च्या कायद्यांत मनाई होती ती शिक्षा भोगीत असलेल्याला. कच्च्या कैद्याला आणि पोलिसांच्या कोठडींतल्याला ती लागूं केली १९५१ सालीं, स्वराज्याच्या संसदेनें. परक्यानें जेवढें कुंपण घातलें होतें त्यावर आपण एक तार जास्त ओढली.

हा नियम मोठ्यांनाहि लागतो, हें खरें. जून २०२२ मध्यें अनिल देशमुख व नवाब मलिक हे दोन आमदार कोठडींत होते. राज्यसभा आणि विधानपरिषद या दोन्ही निवडणुकींत त्यांना मत देऊं दिलें नाहीं. तेव्हां वर्तमानपत्रें भरून वाहिलीं. ऊंसतोड करणारा आंत असतो तेव्हां ओळहि येत नाहीं. आणि गंमत अशी, आंत असलेल्याला मत देतां येत नाहीं, पण शिक्षा झालेली नसेल तर उभें राहतां येतें. परभणी जिल्ह्यांत गंगाखेडला २०१९ सालीं रत्नाकर गुट्टे हे तुरुंगांत असतांना आमदार निवडून आले. ज्याला हजारों लोकांनीं मत द्यावें, त्याला स्वतःला एक मत देण्याची लायकी नाहीं, हा न्याय कोणत्या शाळेंत शिकवितात?

१९९७ सालीं सर्वोच्च न्यायालयानें हें कलम कायम ठेवलें. सर्व कैद्यांच्या मतदानासाठीं बंदोबस्त फार लागेल. आंत गेलेला माणूस आपल्या वागण्यानें गेला, त्यानें बाहेरच्यासारखा हक्क मागूं नये. गुन्हेगारांना निवडणुकीपासून दूर ठेवावें, अशीं कारणें दिलीं. न्यायमूर्तींचा आम्ही आदर करतों. पण स्थानबद्ध केलेल्या माणसाला हाच कायदा टपालानें मत देऊं देतो. एकाची मतपत्रिका तुरुंगाच्या दारांतून आंत-बाहेर जाते, तर दुसऱ्याची कां अडावी? कच्चा कैदी आपल्या वागण्यानें आंत गेला कीं पोलिसांच्या चुकीनें, हें अजून ठरावयाचें आहे.

शिक्षा झालेल्यांचें काय, असें विचाराल. आम्ही म्हणतों, त्यांनाहि द्यावें. सांगली जिल्ह्यांत आटपाडीजवळ स्वतंत्रपूर आहे. १९३९ सालीं औंधच्या राजानें तेथें कैद्यांची उघडी वसाहत केली. खुनाची शिक्षा झालेले लोक तेथें भिंतीशिवाय राहिले, बायकामुलांसह शेती केली. त्यावरूनच १९५७ सालीं व्ही. शांताराम यांनीं ‘दो आँखें बारह हाथ’ हा बोलपट काढला. ज्याच्या हातांत विळा-कोयता देऊन सरकार निर्धास्त झोंपतें, त्याच्या हातांत मतपत्रिका दिली तर काय बुडणार आहे? दक्षिण आफ्रिकेच्या घटना न्यायालयानें १९९९ सालीं कैद्यांच्या बाजूनें निकाल दिला, कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयानें २००२ सालीं. दोन्ही राज्यें जागेवर आहेत.

उलट टोक पाहावयाचें तर अमेरिका पाहा. जोतीराव फुल्यांनीं १८७३ सालीं ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ तेथल्या सदाचारी लोकांना अर्पण केला, कारण त्यांनीं काळ्या माणसांना दास्यांतून सोडविलें होतें. पण पुढें तेथल्या दक्षिणेकडील कांहीं राज्यांनीं कोणत्या गुन्ह्यानें मत जावें याच्या याद्या अशा बेतानें केल्या कीं काळा माणूस त्यांत नेमका सांपडावा. मिसिसिपी राज्यानें १८९० सालीं हेंच केलें. फ्लोरिडा राज्यांत तर शिक्षा संपूनहि लाखों लोकांना मत नव्हतें. २०१८ सालीं तेथल्या मतदारांनीं शंभरांत चौसष्टांच्या बहुमतानें तें परत दिलें, तरी खून व बलात्कारासारखे गुन्हे वगळले; आणि पुढच्याच वर्षीं तेथल्या विधिमंडळानें, कोर्टाचा दंड व खर्च फेडल्याशिवाय मत नाहीं, अशी पाचर मारली. सावकाराचें व्याज फेडल्याशिवाय शेत नाहीं, त्यांतलाच प्रकार. आपला कायदा या बाबतींत बरा आहे. तो निदान फाटकाबाहेर पाठलाग करीत नाहीं. पाठलाग करतों आपण.

आतां ज्या गोष्टीचें उत्तर आमच्याजवळ नाहीं, तीहि सांगतों. त्या माणसाचा सहा नंबरचा फॉर्म आम्हीं भरून दिला, नांव लागलें, आणि २० नोव्हेंबर २०२४ रोजीं विधानसभेला त्यानें मत दिलें. पुढें श्रावणांत रामलिंगाला आलेली एक बाई आम्हांला वाटेंत भेटली. ज्याचा खून झाला त्याची ती विधवा. मतदानाच्या दिवशीं बायकांच्या रांगेंत ती उभी होती आणि पुरुषांच्या रांगेंत तो. ती म्हणाली, “गुरुजी, त्याचं नांव तुम्ही लावलंत. माझ्या मालकाचं कोण लावणार?”

आम्ही गप्प राहिलों. कायद्याचें कलम तिला सांगण्यांत अर्थ नव्हता. मग तिनेंच डोक्यावरचा पदर सारखा केला आणि म्हणाली, “त्याच्या पोरीला पाहायला पाहुणे येतात, अन् खुन्याची पोर म्हणून माघारी जातात. तिनं काय केलं होतं?” एवढें बोलून ती पुढें गेली. तिनें त्याला क्षमा केली असें आम्ही म्हणत नाहीं. तसें म्हणण्याचा आम्हांला अधिकार नाहीं. मात्र त्याचें मत काढून तिला कांहीं परत मिळालें असतें, असेंहि आम्हांला दिसत नाहीं. बांधावर कुऱ्हाड उगारणारा ‘आपलें मत जाईल’ म्हणून हात आंवरीत नाहीं. आणि न्यायाधीश शिक्षेचीं वर्षें लिहितात त्यांत मताचा शब्द नसतो.

यादीचें काम आमच्याकडे अजून आहे. ज्यांच्या घरचा माणूस आंत आहे त्यांनीं त्याचें नांव काढावयास सांगूं नये. कोणी काढा म्हटलें तरी आम्ही आतां काढणार नाहीं. जो सुटून आला आहे त्याचें नांव यादींत आहे कीं नाहीं तें आजच पाहावें. नसेल तर सहा नंबरचा फॉर्म, राहत्या पत्त्याचा व वयाचा पुरावा आणि एक फोटो पुरे. सुटकेचा दाखला कोणी मागत नाहीं, आणि कोणी मागितलाच तर त्यास आमच्याकडे पाठवा. कोरे फॉर्म आम्हीं आणले आहेत. चारचौघांत हात पुढें करण्याचा ज्याला संकोच वाटेल त्यानें शाळा सुटल्यावर वर्गावर यावें. साडेपांचानंतर आम्ही एकटेच असतों.