महाविद्यालयाची वर्षे आणि श्रमाचा संस्कार



महाविद्यालयात व्यतीत होणारी तीन-चार वर्षे ही मनुष्याच्या आयुष्यातील मोलाची वर्षे होत. परीक्षेसाठी केलेले पाठांतर पुढे बहुतांशी विस्मरणात जाते. परंतु त्याच काळात अंगी बाणलेल्या सवयी जन्मभर सोबत राहतात. दिलेली वेळ पाळणे, हिशेब चोख ठेवणे, वेगळ्या घरातून आलेल्या सोबत्याशी जुळवून घेणे, चूक झाल्यास ती कबूल करणे, हे ते खरे पाठ. त्यांच्यासाठी वेळापत्रकात तास नसतो. ते कोठे आणि कसे मिळतात, हे पाहण्यासाठी ठाणे जिल्ह्यातील एका गावाकडे वळणे उचित ठरेल.

उत्तनचा किनारा

भाईंदरच्या पश्चिमेस, साष्टीच्या वायव्य टोकाला उत्तन हे मच्छीमारांचे गाव वसले आहे. २००२ साली स्थापन झालेल्या मीरा-भाईंदर महानगरपालिकेच्या हद्दीत ते येते. तथापि किनाऱ्यावरील घरांचा दिनक्रम आजही भरती-ओहोटीशी बांधलेला आहे. येथील डोलकर समुद्रात डोल जाळे लावतात. हे पिशवीसारखे जाळे एका जागी पक्के बांधलेले असते आणि प्रवाहाबरोबर मासळी त्यात येते. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात पाण्याला ओढ असते, तेव्हा मासळी अधिक लागते. अष्टमीच्या सुमारास, भांगाच्या दिवसांत, ओढ मंदावते. भरतीची वेळ रोज सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकते. हे सारे गणित अनुभवी नाखवा तिथीवरून तोंडी सांगतो.

जाळ्यातून आलेल्या बोंबलाच्या अंगात पाण्याचा अंश फार. त्यामुळे तो लवकर नासतो. किनाऱ्यावर बांबू रोवून, त्यांना आडवे दोर ताणून, जबड्यात जबडा अडकवून दोन-दोन बोंबील वाळत घातले जातात. निवडणे, वाळवणे आणि बाजारात नेऊन विकणे या कामांचा मोठा भार स्त्रिया वाहतात. एक अवकाळी सर आली, तर कित्येक दिवसांची मेहनत वाया जाते. वाऱ्याची दिशा, आभाळाचा रंग, बाजारभाव आणि उधारी या सर्वांचा अंदाज त्या एकाच वेळी घेत असतात.

या घरांतील मुले-मुली आज महाविद्यालयात जातात. पहाटे घरातील कामाला हात लावून बसने भाईंदर स्थानक गाठावे, तेथून लोकलने पुढे जावे, असा अनेकांचा क्रम असतो. सायंकाळी परतताना त्यांच्या हाती दोन विद्या असतात. घरची विद्या कागदावर लिहिलेली नाही आणि कागदावरच्या विद्येला घरचा परिचय नाही. या दोहोंची गाठ पडली, तर विद्यार्थी समर्थ होतो. ती न पडता पदवीबरोबर आईच्या टोपलीची लाज मात्र घरी आली, तर त्या शिक्षणाने कुटुंबाचे एक माणूस दुरावले, असेच म्हणावे लागेल. ही केवळ उत्तनची गोष्ट नाही. शेतकऱ्याच्या, विणकराच्या, कुंभाराच्या घरातून प्रथमच महाविद्यालयाची पायरी चढणाऱ्या प्रत्येक मुलापुढे हा प्रश्न उभा असतो.

कर्मवीरांनी दिलेले उत्तर

महाराष्ट्राने या प्रश्नाला फार पूर्वी उत्तर दिले आहे. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ साली काले येथे रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली आणि १९२४ साली साताऱ्यात वसतिगृह सुरू केले. तेथे सर्व जातिधर्मांची मुले एकत्र राहत, हाताने स्वयंपाक करीत, एका पंक्तीला जेवत आणि शेतात राबत. वसतिगृहाचा खर्च भागेना, तेव्हा लक्ष्मीबाईंनी आपले दागिने मोडले. १९४७ साली साताऱ्यात छत्रपती शिवाजी महाविद्यालय सुरू झाले, तेव्हा ‘कमवा आणि शिका’ हे तत्त्व महाविद्यालयीन शिक्षणातही आले. गरीब विद्यार्थ्याची फीची सोय त्यातून झाली, हा त्याचा एक लाभ. घाम गाळून भरलेल्या फीमुळे त्याची मान ताठ राहिली, हा दुसरा आणि मोठा लाभ होय.

पुढे २४ सप्टेंबर १९६९ रोजी, गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी, राष्ट्रीय सेवा योजना सुरू झाली. ३७ विद्यापीठे आणि सुमारे ४० हजार स्वयंसेवक एवढा तिचा आरंभ होता. दोन वर्षांत २४० तासांचे काम आणि सात दिवसांचे निवासी शिबिर, असा तिचा साचा आहे. शिबिराला निघालेला विद्यार्थी बहुधा गावाला शहाणे करण्याच्या उत्साहात असतो. गटाराचा उतार कोणत्या बाजूला हवा, हे त्याला गावातील गवंडी दाखवतो. विहिरीचे पाणी कोणत्या महिन्यात आटते, हे घागर वाहणारी बाई सांगते. सात दिवसांत सूचना देणारा विद्यार्थी प्रश्न विचारू लागला, तर शिबिर सार्थकी लागले असे समजावे.

शिक्क्याचे मोल

आता राष्ट्रीय शैक्षणिक धोरण, २०२० नुसार राज्यातील पदवी अभ्यासक्रमांत क्षेत्रीय प्रकल्प, प्रत्यक्ष कार्यप्रशिक्षण आणि समाजसेवा यांना श्रेयांक मिळू लागले आहेत. जे पूर्वी हौशीवर अवलंबून होते, ते आता अभ्यासाचा भाग झाले आहे. संधी मोठी आहे आणि तिच्यासोबतचा धोकाही तेवढाच मोठा आहे. विद्यार्थी कोरा नमुना घेऊन कार्यालयाच्या दारात यावा, कोणी ओळखीने शिक्का मारून द्यावा आणि न केलेल्या कामाचे श्रेयांक जमा व्हावेत, असे घडले, तर तोही एक पाठच ठरेल. कागद पुरा असला की काम झाले, हा तो पाठ. असा पाठ शिकलेला तरुण उद्या कार्यालयात अधिकारी म्हणून, शाळेत शिक्षक म्हणून किंवा ग्रामपंचायतीत सदस्य म्हणून बसणार आहे, याचा विसर पडू नये.

हे टाळणे सर्वस्वी वडीलधाऱ्यांच्या हाती आहे. गावात विद्यार्थ्याजोगे काम नाही, ही सबब टिकणारी नाही. उत्तनसारख्या किनाऱ्यावर वाणिज्य शाखेचा विद्यार्थी मच्छीमार सहकारी संस्थेत किर्द-खतावणी शिकू शकतो. विज्ञानाची विद्यार्थिनी वाळवणीच्या स्वच्छतेची आणि मालाच्या नासाडीची रोजची नोंद ठेवू शकते. १७३९ साली चिमाजी अप्पांच्या मोहिमेत वसई मराठ्यांकडे आली. त्या मोहिमेशी निगडित धारावी किल्ल्याचे अवशेष जवळच आहेत. इतिहासाच्या विद्यार्थ्याला त्यांची मोजमापे घेता येतील, वृद्धांच्या आठवणी टिपता येतील.

यासाठी प्राध्यापकाने वर्षातून दोनदा तरी कामाच्या जागी जावे. कार्यालयप्रमुखाने विद्यार्थ्यावर नेमके एक काम सोपवावे आणि त्याची चूक त्याला दाखवावी. पंचायत सदस्याने त्याला ग्रामसभेत बसवून घ्यावे, केलेल्या नोंदी गावापुढे वाचावयास लावाव्यात. काम झाले नसेल, तर सही नाकारावी. त्या नकाराने विद्यार्थी त्या दिवशी हिरमुसेल. परंतु शब्दाला आणि सहीला किंमत असते, हे तो आयुष्यभर विसरणार नाही.

उत्तनची एखादी पदवीधर मुलगी उद्या बँकेत वा शाळेत काम करील, कदाचित परगावी स्थायिक होईल. सुटीत घरी येताच आभाळ भरून आलेले पाहून तिने पुस्तक बाजूला ठेवावे आणि आईबरोबर दोरावरचे बोंबील भराभर उतरवावेत. महाविद्यालयाने तिला काय शिकवले, हे तेथे न सांगता कळेल.