राजन नायर, टेल्को आणि न मांडलेली मतपेटी

(पुलगाव येथील उन्हाळी व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)



राजन नायर हे नाव किती जणांनी ऐकलंय? चार हात वर दिसतात. आणि 407? (हशा) ती सगळ्यांना ठाऊक. ही गाडी 1986 साली पुण्याच्या टेल्कोतून, म्हणजे आजच्या टाटा मोटर्समधून, बाहेर पडली. ती बनवणाऱ्या कामगारांचा पुढारी म्हणजे राजन नायर. माझा आग्रह आधीच सांगतो. आपली संघटना कोणती, हे कामगारानं गुप्त मतदानानं ठरवावं. मालकानं नाही, सरकारनं नाही, वर्गणीच्या पावतीपुस्तकानं तर नाहीच.

  नायर बाहेरून आलेले पुढारी नव्हते, टेल्कोतलेच कामगार होते. बहुसंख्य कामगार मराठी, आणि त्यांनी टेल्को कामगार संघटनेची सूत्रं नायर आडनावाच्या माणसाकडे दिली. त्या काळात, त्या पुण्यात! मला याचं फार मोल वाटतं. 1988 मध्ये कंपनीनं त्यांना बडतर्फ केलं, तरी कामगार त्यांच्या मागंच राहिले.

मतपेटी मांडली नाही की काय होतं, हे कळायला आता इथं कामगार पुढारी डॉ. दत्ता सामंतांबद्दल दोन शब्द बोलायलाच हवेत. गिरणीतली जुनी मंडळी पुढं बसली आहेत. डॉक्टरांचा मुंबईच्या गिरण्यांतला 1982 चा संप तुम्हाला मी काय सांगू! पण तो का झाला, हे नीट सांगितलं जात नाही. बोनसवरून कामगार चिडले आणि आपण होऊन घाटकोपरला डॉक्टरांच्या दारात गेले. 18 जानेवारीला सुमारे अडीच लाख लोकांनी काम थांबवलं. तरी मालक डॉक्टरांशी बोलायला तयार नाहीत. कारण 1946 चा मुंबई औद्योगिक संबंध कायदा. त्या कायद्यानं मुंबईच्या गिरण्यांत प्रतिनिधी संघटना एकच, राष्ट्रीय मिल मजदूर संघ. नवरी सांगतेय मला हा नवरा नको, आणि भटजी म्हणतात, याद्यांवर सही झालीय! (हशा) हसू नका. त्यात हजारो घरं बसली. तो संप अधिकृतपणे कधी मागं घेतलाच गेला नाही. डॉक्टर हट्टी होते, माघारीची वाट त्यांनी ठेवली नाही, हेही खरं. पण पहिल्याच महिन्यात मतपेटी मांडली असती तर...

(अध्यक्षांची चिठ्ठी.) बरं, पंधरा मिनिटं. टेल्कोकडे येतो.

मोटार कारखान्यांना तो कायदा नव्हता, संघटनांच्या मान्यतेचा 1971 चा कायदा होता. संघटनेकडे सलग सहा महिने किमान 30 टक्के सभासद असले की ती मान्यतेला पात्र. मोजायचं काय? वर्गणी. ज्याच्या हाती फोरमनची मर्जी, त्याची पावती लवकर फाटते, हे कारखान्यात काम केलेल्या माणसाला सांगावं लागत नाही. 19 सप्टेंबर 1989 ला कंपनीनं वेतनकरार केला तो दुसऱ्या संघटनेशी, टेल्को एम्प्लॉईज युनियनशी. त्याच दिवशी नायर आणि सुमारे तीन हजार कामगार शनिवारवाड्यासमोर बेमुदत उपोषणाला बसले. विचार करा, तीन हजार माणसं उपाशी, भर पुण्यात. 28 तारखेची रात्र उलटता उलटता पोलिसांनी वेढा घातला, माणसं उचलून बसमध्ये कोंबली. मुख्यमंत्री होते शरद पवार. तो लढा तिथंच मोडला.

(सभागृहातून: "अन् मॅनेजर लोकाइले मारलं, त्याचं काय?")

विचारलंत ते बरं केलंत. त्या वर्षी अधिकाऱ्यांवर हल्ले झाले, विरोधी गटाच्या कामगारांवरही झाले. मी त्याचं समर्थन करणार नाही, आज नाही आणि कधीच नाही. कंपनी म्हणत होती, दहशतीपुढे वाकणार नाही. तेही मला समजतं. पण काका, दहशत निवडून येते की नाही, हे मतपेटीतच कळतं. पडद्याआड चिठ्ठी टाकणाऱ्याला कोणाचाच धाक नसतो, नायरच्या माणसांचाही नाही आणि कंपनीचाही नाही. कोणाला हे मान्य नसेल तर माझ्याशी नंतर भांडा, मी रात्रभर थांबायला तयार आहे.

गुप्त मतदान जमणार नाही असं म्हणणाऱ्यांसाठी उत्तर तुमच्या स्टेशनावरच आहे. रेल्वेनं 2007 मध्ये संघटनांच्या मान्यतेसाठी गुप्त मतदान घेतलं, 2013 मध्ये घेतलं, पुन्हा डिसेंबर 2024 मध्ये घेतलं. देशभर, लाखो कर्मचाऱ्यांचं. तिथं जमतं ते मोटार कारखान्याच्या एका फाटकाच्या आत का जमू नये? 2020 च्या औद्योगिक संबंध संहितेत मान्यतेसाठी 51 टक्क्यांची अट आली आहे, पण ते टक्के मोजताना मतदार यादी हवी की पावतीपुस्तक, यावर इथल्या प्रत्येक संघटनेनं आजच...

अध्यक्ष उभे राहिले. थांबतो. सहाव्या रांगेत रेल्वेचे तिघे बसलेत. यादी कशी लागली, बाहेरचा प्रचार कुठं थांबला, मोजणी कशी झाली, हे त्यांना ठाऊक आहे. माईक आता त्यांच्याकडे द्या.