मुलांची कल्पकता व आपले कर्तव्य

(सुवर्णमहोत्सवानिमित्त भरलेल्या पालक व शिक्षक ह्यांच्या सभेत प्रमुख धर्मगुरूंनी केलेले भाषण)



आपल्या धर्मग्रामाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त आज आपण सर्व येथे जमलो आहो. देऊळ केव्हा बांधले, घंटा कोणी अर्पण केली, शाळेचे वर्ग कसकसे वाढत गेले, ह्या सर्वांचा हिशेब ह्या स्मरणिकेत यथास्थित दिलेला आहे. तो वाचून कोणासही धन्यता वाटेल. परंतु एका गोष्टीचा हिशेब कोणत्याच अहवालात सापडत नाही. आपल्या प्राथमिक शाळेच्या बाकांवर बसून गेलेल्या मुलांनी किती प्रश्न विचारले आणि त्यांपैकी किती आपण ऐकून घेतले, ही ती गोष्ट होय. आज तिच्याविषयीच चार शब्द बोलण्याचे आम्ही योजिले आहे.

दुसऱ्यास उपदेश करण्यापूर्वी स्वतःची चूक कबूल करावी, हे आम्हा धर्मगुरूंस शोभणारे आहे. सुमारे पंचवीस वर्षांपूर्वी, दुसऱ्या एका धर्मग्रामात असताना, नाताळच्या सणात प्राथमिक शाळेतील मुलांची चित्रस्पर्धा ठेविली होती. विषय होता प्रभुजन्माचा देखावा, आणि परीक्षक होतो आम्हीच. तिसरीतील एका मुलाने जे चित्र काढिले, त्यात गोठ्याच्या जागी केळीची वाडी होती. बाजूस रहाटाची विहीर होती, पवित्र मरिया लुगडे नेसून बसली होती, आणि तीन राजे उंटांवरून न येता बैलगाडीतून येत होते. आम्ही ते चित्र हाती घेऊन हसलो आणि म्हणालो, "बाळ, हे बेथलेहेम नव्हे." बक्षीस दिले ते एका छापील कार्डावरून हुबेहूब उतरून काढलेल्या चित्रास. त्यात देवदारूची झाडे होती आणि गोठ्याच्या छपरावर युरोपातील हिवाळ्याचे बर्फ होते. तेही बेथलेहेम नव्हते, हे त्या वेळी आमच्या ध्यानी आले नाही.

त्या मुलाने आपला कागद चौघडी करून खिशात घातला. पुढील वर्षी तोच मुलगा तसलेच कार्ड उतरवून घेऊन आला आणि म्हणाला, "फादर, आता बरोबर आहे ना?" त्या वर्षीचे बक्षीस आम्ही त्यास दिले. ते देताना आमचा हात जराही अडखळला नाही, ह्याचेच आज आम्हांस दुःख होते.

पुढे कित्येक वर्षांनी अँजेलो द फोन्सेका ह्या चित्रकाराच्या चित्रांच्या प्रती आमच्या पाहण्यात आल्या. हा गोव्यात १९०२ साली जन्मलेला कलावंत. बंगालमध्ये जाऊन त्याने कलेचे शिक्षण घेतले आणि पुण्यास राहून लुगडे नेसलेली मरिया चितारली. त्याच्याही वाट्यास स्वकीयांची टीका आली. तो १९६७ साली निवर्तला, आणि आज त्याची चित्रे आदराने जपली जातात. ती पाहताना आम्हांस एकाएकी त्या तिसरीतील मुलाची आठवण झाली. ज्या गोष्टीसाठी आम्ही एका थोर चित्रकारापुढे मान लववीत होतो, तीच एका बालकाच्या हातून घडली तेव्हा आम्ही तीस चूक म्हटले होते.

कोणी म्हणेल, "फादर, आमच्या मुलास चित्रकार थोडाच व्हावयाचे आहे?" सज्जनहो, कल्पकता म्हणजे केवळ चित्रे व कविता नव्हेत. पूर्वी न भेटलेली अडचण समोर आली असता, हाती असलेल्या साधनांतून तीवर उपाय शोधून काढणे, हीही कल्पकताच होय. आपल्या पूर्वजांनी जास्त पिकलेली केळी वाया न दवडता उन्हात वाळवून त्यांची सुकेळी केली, ती काही कोणत्या पुस्तकात वाचून केली नसावी. जो विचार करतो त्यास वाट सापडते. ज्यास केवळ उत्तरे पाठ आहेत तो प्रश्न बदलताच खोळंबून उभा राहतो. आणि प्रश्न तर आपल्या डोळ्यांदेखत बदलत आहेत.

ह्याचे एक उदाहरण घरचेच देतो. २०१८ च्या जुलै महिन्यात वसई तालुक्यात अतिवृष्टी झाली, कित्येक वस्त्या पाण्यात बुडाल्या व रेल्वेगाड्याही बंद पडल्या, हे आपणांस स्मरत असेलच. शाळा पुन्हा भरल्यावर दुसरीतील एका मुलीने आपल्या बाईंस विचारले, "हे पाणी पूर्वी कोठे जात असे?" ह्या बाईंची आम्ही मनापासून वाखाणणी करतो, कारण त्यांनी उत्तर दिले नाही. त्या म्हणाल्या, "मलाही नीट सांगता येणार नाही. आज घरी जाऊन आपापल्या आजीआजोबांस विचारून या." दुसऱ्या दिवशी मुलांनी बुजलेल्या बावखलांची व नाल्यांची नावे आणिली. कोणाच्या आजोबांनी तेथे म्हशी धुतल्या होत्या, कोणाची आजी तेथून वाडीस पाणी लावीत असे. मग मुलांनी वर्गाच्या फरशीवर खडूने गावाचा नकाशा काढिला, आणि तांब्यातून पाणी ओतून ते कोणीकडे वाहते, हे पाहू लागली. फरशी अर्थातच सपाट होती, पाणी भलतीकडेच गेले. तेव्हा एक मुलगा म्हणाला, "बाई, उंचसखल केल्याशिवाय हे खरे होणार नाही." मग सर्व मुले अंगणातील माती उकरावयास धावली. ही मुले सात वर्षांची होती! त्या एका प्रश्नावर बाईंनी तेथल्या तेथे उत्तर देऊन पडदा टाकिला असता, तर भूगोल, इतिहास व शास्त्र ह्यांचा तो पाठ घडलाच नसता.

हे काही नवीन नव्हे. १९०७ च्या जानेवारीत रोम शहराच्या सान लोरेन्झो नामक गरीब वस्तीत मारिया मॉन्टेसरी ह्यांनी मजुरांच्या मुलांसाठी पहिले बालगृह उघडिले. ह्या बाई धंद्याने डॉक्टर व आपल्याच कॅथलिक पंथाच्या होत्या. एकदा सुमारे तीन वर्षांची एक मुलगी लाकडी दट्टे त्यांच्या त्यांच्या खाचांत बसविण्यात इतकी गढून गेली की, भोवती मुलांनी गाणी म्हटली व तीस खुर्चीसकट उचलून ठेविले, तरी तिचे लक्ष ढळले नाही. चाळीसहून अधिक वेळा तिने ते काम पुन्हा पुन्हा केले, आणि मग समाधानाने आपली आपण थांबली. बाई आपल्या जागी उभ्या राहून मोजीत होत्या. त्यांनी मध्ये हात घातला नाही. १९३९ साली त्या भारतात आल्या, आणि महायुद्धाच्या काळात येथेच राहून त्यांनी शिक्षकांचे वर्ग चालविले.

त्यापूर्वीच भावनगर येथे गिजुभाई बधेका ह्या वकिली सोडून आलेल्या गृहस्थांनी १९२० साली बालमंदिर काढिले होते. त्यांच्या सहकारी ताराबाई मोडक ह्यांनी पुढे १९४५ साली आपल्या शेजारच्या बोर्डी गावी ग्राम बालशिक्षा केंद्र स्थापिले, आणि अनुताई वाघ त्यांस येऊन मिळाल्या. तेथे महागडी साधने कोठून आणावयाची? ह्या भगिनींनी शंख, शिंपले, बिया, खडे व पाने ह्यांचीच साधने केली. दलित वस्तीतील मुले शाळेत येईनात, तेव्हा त्यांनी शाळाच त्यांच्या अंगणात नेली, आणि 'अंगणवाडी' हा शब्द रूढ झाला. पुढे कोसबाडच्या टेकडीवर वारली मुले गुरे राखीत, म्हणून शाळा कुरणात गेली. मुलगा शाळेस जुळत नसेल तर मुलास कापू नये, शाळेचा साचा बदलावा, हा धडा आपल्याच पालघर जिल्ह्याच्या भूमीत गिरविला गेला आहे.

येथे एका आक्षेपाचा विचार करणे अगत्याचे आहे. कित्येक वडीलधारी म्हणतील, "मुलांस असे मोकळे सोडिल्यास पाढे कोण पाठ करणार? शिस्तीचे काय?" हा आक्षेप खोटा नव्हे. पाढे पाठ झालेच पाहिजेत, शुद्धलेखन आलेच पाहिजे. ज्याच्या कोठीत दाणा नाही, तो नवे पक्वान्न कशाचे करणार? रिकाम्या मनातून कल्पना निघत नाही. परंतु कोठी भरून तीस कुलूप लावून ठेवणे, हेही शहाणपण नव्हे. सातचा पाढा पाठ करून घ्यावा, आणि मग विचारावे, "छत्तीस मुलांस किती प्रकारे सारख्या रांगांत उभे करता येईल?" पहिल्यास एक उत्तर, दुसऱ्यास अनेक. मुलास दोन्हींची गरज आहे.

आता प्रत्यक्ष कर्तव्याकडे वळू. गुरुजनहो, आपणांस आमची विनंती एवढीच की, प्रश्न विचारल्यावर थांबा. मेरी बड रो नामक अमेरिकन विदुषीने वर्गांतील संभाषणे ध्वनिमुद्रित करून तपासिली, आणि १९७० नंतरच्या दशकात आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. शिक्षक प्रश्न विचारून सरासरी एक सेकंदच थांबतात, असे तीस आढळले. हाच अवकाश तीन सेकंदांपर्यंत वाढविल्यास मुले अधिक विस्ताराने बोलतात, गप्प राहणारी मुलेही तोंड उघडतात, आणि ती स्वतः प्रश्न विचारू लागतात. तीन सेकंद म्हणजे किती? मनातल्या मनात सावकाश क्रूसाची खूण करावयास लागतो, तितका वेळ. एवढा वेळ देण्यास सरकारी मंजुरीची गरज नाही, की पैसाही लागत नाही.

मातापित्यांनो, आपणांस तीन गोष्टी सांगावयाच्या आहेत. पहिली, मुलाच्या दिवसातील एक तास रिकामा ठेवा. शाळा, शिकवणी, धर्मशिक्षण आणि मोबाइल ह्यांनी ज्याचा दिवस गच्च भरला, त्यास विचार करावयास फुरसत कोठची? दुसरी, शाळेने सांगितलेली हस्तकला दुकानातून विकत आणून देऊ नका, आणि रात्री जागून स्वतःही करू नका. मुलाच्या हातची वाकडी होडी आईच्या हातच्या सुबक होडीहून मोलाची आहे. कारण ती का बुडाली, ह्याचा विचार मुलगा करील. तिसरी गोष्ट भाषेची. आपल्यापैकी कोणाच्या घरी सामवेदी बोली चालते, कोणाच्या घरी वाडवळी, कोणाच्या घरी कोळी. मूल विचार करते ते प्रथम ह्याच बोलीत. इंग्रजी अवश्य शिकवा. परंतु घरच्या बोलीत प्रश्न विचारणाऱ्या मुलास "नीट इंग्रजीत बोल" म्हणून अडवू नका. अशाने शब्द सुधारेलही, पण प्रश्न मरून जाईल. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही शक्य तेथे निदान पाचवीपर्यंत घरची भाषा किंवा मातृभाषा हेच शिक्षणाचे माध्यम असावे, असे सांगितले आहे.

अखेरची गोष्ट आमच्या स्वतःच्या कर्तव्याची. मार्क लेपर व त्यांचे दोन सहकारी ह्यांनी १९७३ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. चित्रे काढण्याची आवड असलेल्या लहान मुलांपैकी काहींस, चित्र काढाल तर प्रशस्तिपत्र मिळेल, असे आधीच सांगितले. पुढे मोकळ्या वेळी हीच मुले इतरांहून पुष्कळच कमी वेळ चित्रे काढताना दिसली. ज्यांस न सांगता अकस्मात बक्षीस दिले, त्यांची आवड मात्र कमी झाली नाही. बक्षिसाचे आमिष दाखविल्याने आनंदाचे काम मजुरीचे होऊन बसते, हा त्याचा अर्थ. म्हणून ह्या सुवर्णमहोत्सवी वर्षापासून प्राथमिक वर्गांची नाताळची चित्रस्पर्धा आम्ही बंद करीत आहो. तिच्या जागी प्रदर्शन भरेल. प्रत्येक मुलाचे चित्र देवळाच्या ओसरीवर लागेल, पहिला-दुसरा क्रमांक असणार नाही. आम्ही प्रत्येक चित्रापुढे उभे राहू आणि त्या मुलास एकच विचारू, "ह्याविषयी आम्हांस काही सांगशील का?" आपणही तसेच करावे.

शुभवर्तमानात बारा वर्षांच्या येशूची हकीकत आहे. तीन दिवसांच्या शोधानंतर तो मंदिरात पंडितांच्या मध्ये बसलेला सापडला, त्यांचे ऐकत आणि त्यांस प्रश्न विचारीत. त्या पंडितांविषयी आम्हांस नेहमी आदर वाटतो. एका परक्या गावच्या, सुताराच्या घरच्या मुलास त्यांनी आपल्यामध्ये बसू दिले, आणि त्याचे प्रश्न ऐकून घेतले. आपल्या घरांत व शाळेत एवढे झाले, तरी ह्या महोत्सवाचे सार्थक झाले असे आम्ही मानू.

त्या तिसरीतील मुलाचे पहिले चित्र आज आमच्याजवळ नाही. कार्डावरून उतरलेले दुसरे मात्र शाळेच्या भिंतीवर कित्येक वर्षे लागलेले होते. तो आता कर्ता पुरुष असेल, कदाचित त्यास स्वतःची मुले असतील. त्याच्या मुलाने नाताळात केळीच्या वाडीतला येशू चितारला, तर त्याने तो कागद चौघडी होऊ देऊ नये, एवढीच आमची प्रार्थना आहे.

देव आपणां सर्वांस आशीर्वाद देवो.